आजीची बोरमाळ मोडायची ठरली तर

कौलं उतरवून स्लॅब घालायचाय, मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायचीय, नाहीतर अवकाळीने मोहोर गळला आणि फवारणीचे पैसे अंगावर आलेत. कोकणातल्या घरात सोनं मोडायची वेळ बहुतेक अशाच कारणांनी येते. मग ट्रंकेच्या तळातून फडक्यात बांधलेली बोरमाळ, मोत्यांची नथ, दोन पाटल्या आणि कुणाला आठवत नाही अशी एक पुतळ्यांची माळ बाहेर निघते. ते सगळं पिशवीत घालून माणूस चिपळूणच्या, रत्नागिरीच्या किंवा कुडाळच्या पेढीवर जातो आणि काटा जो आकडा दाखवेल त्यावर पैसे घेऊन येतो.

इथेच पैसे सांडतात. एका जुन्या दागिन्यात तीन वेगळे माल असू शकतात: धातू, मोती-खडे आणि जुनेपण. तिन्हींचे गिऱ्हाईक वेगळे. गावातला सराफ धातूचं गिऱ्हाईक आहे. तो धातूचे पैसे देईल आणि त्यात त्याची काही चूक नाही, त्याचा धंदाच तो. उरलेल्या दोन मालांचं काय करायचं, हे पेढीची पायरी चढण्याआधी आपल्याला ठाऊक असायला हवं.

पण त्याही आधी एक प्रश्न आहे आणि तो भाऊबंदकीचा आहे. दागिना कुणाचा?

"आईने पाटल्या धाकट्या सुनेच्या हातात दिल्या होत्या" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात आहे. जिवंतपणी, समजून-उमजून हातात दिल्या असतील तर ते बक्षीस, आणि पाटल्या सुनेच्या. नुसत्या "ठेव तुझ्याकडे" म्हणून दिल्या असतील तर ती ठेव, आणि ठेवीवर सगळ्या वारसांचा हक्क. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे स्त्रीच्या अंगावरचं सोनं तिच्या पूर्ण मालकीचं असतं. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर ते आधी मुलगे, मुली आणि नवरा यांना सारख्या वाट्याने जातं. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला त्यांची मुलं येतात. वारलेल्या मुलाची बायको मात्र या पहिल्या यादीत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचा वाटा भावाइतकाच. "तिला लग्नात दिलं की" हा युक्तिवाद ओटीवर चालतो, कोर्टात चालत नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

बँकेच्या लॉकरला ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय तो मालक होत नाही. बँकेने लॉकर कुणाला उघडून द्यायचा एवढंच ते नाव सांगतं. म्हणून मुंबईतला भाऊ, पुण्यातली बहीण, गल्फमधला पुतण्या अशा सगळ्यांची लेखी संमती घ्या. प्रत्येक नगाचं नाव, वजन आणि फोटो घालून एक साधा कागद करा आणि त्यावर सह्या घ्या. गणपतीला सगळे एकत्र येतात, ते दिवस यासाठी उत्तम. मोडून झाल्यावर सह्या मागायला गेलात तर आरतीला कमी आणि भांडणाला जास्त माणसं जमतील.

तोळा कुठला?

आजी म्हणायची, "पाच तोळ्यांची आहे." सराफाचा काटा त्रेपन्न ग्रॅम दाखवतो आणि सराफ म्हणतो, "पाच तोळ्यांहून जास्तच भरली की." सगळे खूश. पण आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. म्हणजे तोळ्याला 96 गुंजा, आणि गुंज साधारण 0.12 ग्रॅमची. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि हळूहळू दहा ग्रॅमलाच तोळा म्हणायची सवय बाजाराला लागली. आजीचे पाच तोळे म्हणजे 58 ग्रॅमहून थोडे जास्त. त्रेपन्न भरले तर पाच ग्रॅम कुठे गेले हे विचारायला हवं. वर्षानुवर्षांच्या वापराने झीज होते, एखादा मणी हरवतो, मधल्या काळात कुणी माळ गाठवून घेताना दोन मणी कमी केलेले असतात. उत्तर काहीही असो, घरच्या जुन्या चिठ्ठीतलं "तोळे-मासे-गुंजा" हे आजच्या ग्रॅममध्ये बदलून घेतल्याशिवाय हिशोबाला बसू नका.

जुनी चिठ्ठी मिळाली तर जपा. त्यावर पेढीचं नाव असतं, आणि दागिन्यावर आतल्या बाजूला बारीक शिक्का असतो. ती पेढी आजही नातवाच्या हातात चालू असेल तर पहिला भाव तिथेच विचारावा. स्वतःच्या शिक्क्याचा माल सोनार सहसा कमी घट, म्हणजे कमी कपात, लावून परत घेतो. राजापूरच्या शिक्क्याला राजापुरात जो मान, तो दादरमध्ये नाही.

कस

सोन्याची शुद्धता हजारात मोजतात. 24 कॅरेट म्हणजे जवळजवळ शुद्ध, 22 कॅरेट म्हणजे 916, 18 म्हणजे 750, 14 म्हणजे 585. आजच्या नव्या दागिन्यावर हॉलमार्कच्या तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचं म्हणजे बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की नोंद दिसते. हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला गिऱ्हाइकाला विकता येत नाही. इथे "सराफाला" हा शब्द महत्त्वाचा. "हॉलमार्क नाही म्हणून हे आम्हाला घेताच येत नाही, घेतलं तर पडत्या भावात" असं कुणी सांगितलं तर तो माणूस भाव पाडतोय. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. घरातलं जुनं, बिनशिक्क्याचं सोनं तुम्ही खुशाल विकू शकता.

जुन्या सोन्याचा कस एकसारखा नसतो. बावनकशी म्हणून मिरवलेलं सोनं तपासात 85 टक्के निघतं आणि कुणी फारशी किंमत न दिलेलं कडं 95 निघतं. साठच्या दशकातले दागिने तर विशेष तपासावेत. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट पुढे सैल झाली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत चालू होता. त्या मधल्या वर्षांत लग्न झालेल्या काकूचे बिलवर 14 कॅरेटचे निघाले तर सोनाराने फसवलं असं लगेच म्हणू नका.

तपासायचे मार्ग तीन. पहिला कसोटीचा काळा दगड. त्यावर दागिना घासून रेघ ओढतात, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ, आणि दोन्हींवर तेजाब. हलक्या सोन्याची रेघ फिकट होते किंवा पुसली जाते. जाणत्याच्या हातात अंदाज चांगला येतो, पण तो अंदाजच. दुसरं कॅरेट मीटर, म्हणजे क्ष-किरणांचं यंत्र. मिनिटभरात आकडा देतं आणि दागिन्याला ओरखडा येत नाही. मात्र ते फक्त पृष्ठभाग वाचतं. जुन्या सोनारांची दागिना झळाळावा म्हणून आम्लाने रंग काढायची पद्धत होती. त्यात वरच्या थरातलं तांबं-चांदी निघून जातं आणि वरचं सोनं आतल्याहून शुद्ध होतं. यंत्र मग जास्त आकडा दाखवतं. उलट ज्या जागी झाळलंय, म्हणजे सांधा जोडलाय, नेमक्या तिथेच नेम धरला तर कमी दाखवतं, कारण झाळायला हलकं, लवकर वितळणारं सोनं वापरतात. म्हणून आकडा पाहायचा तर तीन-चार जागी पाहा.

तिसरा मार्ग भट्टीचा. हॉलमार्क सेंटरमध्ये सोन्याचा इवलासा तुकडा तोलून शिशात गुंडाळून तापवतात. हलके धातू शोषले जातात, मिसळलेली चांदी पुढे आम्लात विरघळवतात, आणि उरतं ते निखळ सोनं पुन्हा तोलतात. यापेक्षा खरा आकडा नाही. बीआयएसमान्य सेंटरमध्ये घरगुती ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो, शुल्क किरकोळ असतं. जवळचं सेंटर कुठे ते बीआयएसच्या संकेतस्थळावर दिसतं; कोल्हापूर, पुणे, मुंबईत तर आहेतच.

बोरमाळेचा हिशोब

आता मुद्द्याचं. बोरमाळ, मोहनमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या आणि कित्येक गोठ-तोडे यांत सोन्याचा नुसता पातळ पत्रा असतो, आत लाख. लाख नसती तर मणी बोटाने दाबताच चेपला असता. काट्यावर लाखही वजन करते, दोराही करतो आणि दोऱ्याच्या गोंड्याची जरही करते.

त्यामुळे सराफाने वजनातून काहीतरी वजा करणं रास्तच आहे. प्रश्न एवढाच की किती. "लाखेचे तीस टक्के" असं तोंडी ठोकून दिलं जातं तिथे थांबा. एक मणी फोडून बघता येतो. मणी तोलायचा, मग तापवायचा. लाख तांबूस-काळपट बुडबुडे काढत बाहेर येते, धूर येतो, राळ जळल्याचा उग्र वास दुकानभर पसरतो. राहिलेलं कवच पुन्हा तोलायचं. एका मण्यावरून सगळ्या माळेचा बऱ्यापैकी अंदाज येतो. "काकी, आटवल्याशिवाय कळाचा नाय," असं कुडाळकडचा सोनार सांगतो तेव्हा तो बहुधा खरं बोलतो. पूर्ण खरा हिशोब आटणीनंतरच, म्हणजे सोनं वितळवल्यावरच होतो. अट एकच घाला की आटणी तुमच्या डोळ्यांसमोर होईल आणि त्यातून निघालेली सोन्याची लगड तुमच्यासमोरच तोलली आणि तपासली जाईल. आटवायच्या आधी पटलं नाही तर उठता येतं. लगड झाल्यावर बोरमाळ परत येत नाही.

आकड्यांत पाहू. सोपं जावं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. माळेचं काट्यावरचं वजन 30 ग्रॅम. लाख आणि दोरा काढून राहिलं 22 ग्रॅम. लगडीचा कस आला 88 टक्के. म्हणजे निखळ सोनं 19.36 ग्रॅम, किंमत 1,93,600. पेढीने दोन टक्के कापले तर हातात 1,89,728 रुपये.

तीच माळ दुसऱ्या दुकानात. तिथे आटणी नाही. "22 ग्रॅम धरू, 22 कॅरेटचा भाव देतो, पंधरा टक्के घट." ऐकायला हे जास्त उदार वाटतं, कारण त्याने 22 कॅरेट मान्य केलं. 22 ग्रॅमला 9,160 प्रमाणे 2,01,520 झाले, त्यातून पंधरा टक्के गेले, राहिले 1,71,292. एकाच माळेत अठरा हजारांचा फरक. "भाव काय देता" हा प्रश्न म्हणूनच अपुरा. निव्वळ वजन किती धरता, कस किती धरता, कपात किती आणि कशावर, हे चारही आकडे कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून उठा.

भावाचंही एक. दुकानातल्या फळ्यावर असतो तो विक्रीचा भाव, खरेदीचा त्याहून कमी. ताळ्यासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवसाचा भाव मोबाईलवर काढून ठेवा. तो जीएसटीविना असतो, त्यामुळे तुलना सरळ होते. आणि कानस फिरवताना, मणी फोडताना खाली कागद पसरायला सांगायला लाजू नका. सोनाराचा केर धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याचा धंदा याच कणांवर चालतो.

नथ: सोनं कमी, मोती महाग

नथीत सोन्याची तार दोन-चार ग्रॅमची. गावच्या काट्यावर ती "मोती-खडे वजा" होऊन अगदीच किरकोळ ठरते, आणि पुष्कळदा मोती "त्याला काय किंमत" म्हणत ट्रेमध्येच राहतात. जुन्या दागिन्यांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

इराणच्या आखातात, बहारीनच्या आसपासच्या समुद्रात बुड्या मारून काढलेले नैसर्गिक मोती बसऱ्याच्या बाजारातून येत, म्हणून ते बसरा मोती. मुंबई ही त्या व्यापाराची मोठी पेठ होती, आणि मुंबईला नोकरीला गेलेल्या कोकणी माणसामार्फत ते मोती बंदराबंदराला पोचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या मोत्यांचा धंदा उभा राहिला, पुढे तीसच्या मंदीत नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला आणि आखातात तेल सापडल्यावर बुड्या मारणारे दुसऱ्या कामाला लागले. त्यामुळे आज खरा बसरा मोती दुर्मीळ आहे आणि चांगल्या जोडीला संग्राहक सोन्याच्या कितीतरी पट किंमत देतात.

आता दुसरी बाजू. पणजीची नथ आहे म्हणून मोती बसराच असेल असं नाही. नथ तीन-तीनदा गाठवलेली असते आणि प्रत्येक वेळी एखादा फुटका मोती बदललेला असतो. दातावर घासून खरखर लागली की "खरा" म्हणतात. ती परीक्षा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यापासून मोती वेगळा करते. नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही सारखेच खरखरतात. दोघांतला फरक रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी कळतो. कल्चर्ड मोत्यात आत घातलेला गोल मणी आणि त्यावरचा थर दिसतो, नैसर्गिकात कांद्यासारखे एकाआड एक थर असतात. अशा प्रयोगशाळा मुंबईत आहेत. मोती लहान, पिवळट, खरचटलेले असतील तर तपासणीच्या खर्चाइतकीही किंमत येणार नाही, हेही खरं. पण भोकं अगदी बारीक असतील, मोती थोडे वेडेवाकडे आणि आतून पाणीदार दिसत असतील, तर नथ मोडण्याआधी एक मुंबई खेप जरूर करावी.

एवढं करायचं नसेल तर निदान हे सांगा: "मोती आणि तांबडा खडा काढून परत द्या." वजनातून वजा केलेली वस्तू तुमचीच असते. पैसे द्यायचे नसतील तर ती परत मिळायला हवी. तन्मणी, चिंचपेटी आणि कुडी यांनाही हेच लागू. आणि मोत्यांना साबण, अत्तर, चिंच काही लावू नका. मोती मुळात चुन्याचा. आंबटाने त्याची झिलई उतरते.

पुतळ्या आणि शंभर वर्षं

पुतळ्यांच्या माळेकडे भिंग घेऊन बघा. पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं व्हेनिसचे डुकाट चलनात फिरत होते: साडेतीन ग्रॅमची, जवळजवळ शुद्ध सोन्याची नाणी. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. इथल्या लोकांना त्यात मानवाकृती दिसल्या आणि नाणी कड्या लावून गळ्यात गेली. पुढे सोनारांनी त्याच धर्तीवर पातळ पुतळ्या ठोकल्या. बहुतेक घरांतल्या माळा या दुसऱ्या प्रकारच्या. पण माळेत दोन-चार पुतळ्या जाड, जड आणि कडेला रोमन अक्षरं असलेल्या निघाल्या तर त्या वेगळ्या काढून नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. कडी झाळलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो, तरी लगडीपेक्षा जास्त येऊ शकतात. घासून चकचकीत मात्र करू नका.

1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. दुबईतल्या किंवा लंडनमधल्या भाचीला पणजीचा तन्मणी भेट म्हणून पाठवायचा बेत असेल तर आधी हे पाहा. आणि परसात माडाचं आळं खणताना सोन्याने भरलेला तांब्या लागला, तर तो वारसाहक्काने आपला असं समजू नका. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या दागिन्यांतल्या शंभरातल्या नव्वदांना जुनेपणाचे जास्तीचे पैसे मिळत नाहीत. पाटल्या, गोठ, अंगठ्या यांची किंमत धातूचीच. कुंदनकाम, जुने पैलूंचे हिरे, मोठा पाचू, मीनाकाम किंवा ज्याच्या मालकीचा पुरावा कागदावर आहे असा नग, यांच्यासाठी मुंबईतल्या लिलावगृहांना फोटो पाठवून विचारता येतं. फोटोला पैसे पडत नाहीत. दुकानात 'अँटिक' म्हणून टांगलेले काळपट छटेचे हार नवे असतात, तो फक्त फिनिशचा प्रकार आहे. ते हार महाग आहेत म्हणून आपली जुनी वजरटीकही तितकीच महाग, असा हिशोब करू नये.

मोड की बदल

"पैसे नकोत, बदलून नवं घ्या, शंभर टक्के भाव देतो." जुन्याला पूर्ण भाव मिळतो हे खोटं नसतं, वसुली नव्या दागिन्याच्या घडणावळीत होते. शिवाय नव्या दागिन्यावर तीन टक्के जीएसटी पूर्ण किमतीवर लागतो, जुनं वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. तुम्ही घरातलं सोनं विकता तेव्हा मात्र तुमच्याकडून जीएसटी कापायचं काही कारण नाही. तो तुमचा धंदा नाही, हे 2017 मध्येच सरकारने स्पष्ट केलंय. नवा दागिना खरोखर घालायचा असेल तर बदल ठीक आहे. फीचे पैसे हवे असतील तर बदलाच्या मोहात पडू नका.

पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे विकणाऱ्या तुम्हाला, तोही तेवढ्याच रकमेचा. पॅन आणि आधार सोबत न्या. पावतीवर प्रत्येक नगाचं एकूण वजन, निव्वळ वजन, कस आणि भाव लिहून घ्या. आयकरासाठी हीच पावती लागते.

कर

वारशाने सोनं मिळालं यावर आपल्याकडे कर नाही. इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच गेली. कर लागतो विकताना, आणि तो नफ्यावर. बदल केला तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. मालकीचा काळ आजीने घेतल्यापासून मोजतात, त्यामुळे वारशाचं सोनं जवळजवळ नेहमीच दोन वर्षांच्या वर, म्हणजे दीर्घ मुदतीचं ठरतं. 23 जुलै 2024 पासून यावर साडेबारा टक्के दर आहे आणि महागाईची जुनी सूट गेली. खरेदी किंमत म्हणून आजीने दिलेली रक्कम धरायची, किंवा सोनं 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साडेचार हजारांच्या आत होता, म्हणून आज जवळजवळ सगळी रक्कम नफाच दिसते. त्या तारखेच्या किमतीचा दाखला सरकारमान्य मूल्यांकनकार देतो. दागिने मोडण्याआधी तो घ्या, कारण लगडीचं मूल्यांकन करून तो पूर्वी दागिना होता हे सिद्ध करणं कठीण.

वरच्या बोरमाळेची 2001 ची किंमत समजा 8,000 ठरली. नफा 1,81,728, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 22,716 आणि चार टक्के उपकर. पण दागिना ज्या आजीचा आहे ती हयात असेल, तिचं दुसरं उत्पन्न नसेल आणि विक्री तिच्याच नावाने, पैसे तिच्याच खात्यात, तर नव्या करप्रणालीतली 2025-26 पासूनची चार लाखांची मूळ मर्यादा या नफ्यालाही वापरता येते आणि कर शून्यावर येऊ शकतो. नातवाने पैसे स्वतःच्या खात्यात घेतले की हा फायदा गेला, वर मालकीचे प्रश्न निर्माण झाले ते वेगळेच. पैसे घर बांधायला घालणार असाल तर त्याचीही सवलत आहे. अटी बऱ्याच आहेत, सीएला विचारूनच करा.

विवाहितेला 500 ग्रॅम, अविवाहितेला 250, पुरुषाला 100 अशी "मर्यादा" व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती 1994 च्या आयकर खात्याच्या सूचनेतली आहे: धाडीत एवढं सोनं जप्त करू नये. घरात एवढंच ठेवावं असा कायदा नाही.

तारण

गरज चार-सहा महिन्यांची असेल, म्हणजे फवारणीला आज पैसे हवेत आणि आंब्याची पट्टी मेअखेर येणार आहे, तर मोडण्यापेक्षा सोनेतारण कर्ज बरं. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनी एप्रिल 2026 पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत 80 आणि त्यापुढे 75 टक्के अशी मर्यादा आहे. इथेही लाख, मोती, खडे यांची किंमत धरत नाहीत, फक्त निव्वळ सोनं. त्यामुळे बोरमाळ आणि नथ तारणाला नेऊच नका. पाटल्या आणि भरीव गोठ न्या. तारण पावतीवर नगाचं वर्णन नीट लिहून घ्या. "सोन्याचा हार एक" एवढंच नको. किती मणी, किती मोती, खडा कुठल्या रंगाचा, शिक्का कुणाचा, हे सगळं. सोडवायला जाल तेव्हा काउंटरपलीकडे बहुधा दुसरा माणूस बसलेला असेल.